दिवाळीपूर्व स्वयंपाकघर : काही शब्द आणि त्यांचा इतिहास

दिवाळीच्या इतिहासाची साधने कालानुक्रमे लावून देण्याचे श्रेय भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतील कै. परशुराम कृष्ण गोडे यांच्याकडे जाते. परंतु ह्या सणाची पक्वान्ने ज्या जागी होतात ती जागा सणापूर्वी कशी सिद्ध केली जाई, हा प्रश्न इतिहासलेखनात बहुधा उपेक्षितच राहिला आहे. कारण उघड आहे. सारवलेल्या जमिनीची नोंद कोणी दप्तरात करीत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ती जमीनही पूर्वीची राहत नाही. राहतात ते शब्द. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे ह्या दृष्टीने भाषेचेच नव्हे, तर घराचेही दप्तर आहेत.

आश्विनातच स्वयंपाकघराची डागडुजी का होत असे, याचे उत्तर ऋतुमानात सापडते. चार महिन्यांच्या पावसाने मातीची जमीन पोपडे धरी, ओल्या लाकडांच्या धुराने भिंती व आढे काळवंडत, चुलीला भेगा पडत. शिवाय नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान पहाटेचे आणि फराळ त्यापाठोपाठ. म्हणजे सर्व पदार्थ आधीच तयार हवेत. त्यांतही अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात, ते वाळवून, कुटून, गुळात मळून पीठ मुरू द्यावे लागते. चकलीसाठी तांदूळ व डाळी निरनिराळ्या भाजून दळाव्या लागतात. तेव्हा सणाची तयारी कढईपासून नव्हे, तर जात्यापासून सुरू होई.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘स्वयंपाक’ याचा व्युत्पत्तीने होणारा अर्थ स्वतः रांधणे, स्वतःच्या हातचे शिजवून खाणे असा आहे. रांधणे हे जुने, साधे क्रियापद मागे पडून शिष्ट भाषेत ह्या संस्कृत सामासिक शब्दाने त्याची जागा घेतली, यात सोवळ्याच्या कल्पनेचा वाटा असावा असे आम्हांस वाटते. परंतु ‘स्वयं’ म्हणविणारी ही खोली वर्षातून एकदा तरी परक्या हातांवाचून चालू शकत नव्हती. गुळगुळीत झालेल्या जात्यावर भाजणी नीट दळली जात नाही. तळीला टाकीने नव्याने खाचे पाडून घ्यावे लागतात. हे काम करणारे टकारी गावोगाव फिरत. त्यांचे नावच टाकीवरून पडले आहे. १८७१ मध्ये आलेल्या व पुढे मुंबई इलाख्यासही लागू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्या भटक्या समाजांवर शिक्का मारला, त्यांत हेही लोक आले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा ह्या नोंदीखाली टकारी हे नाव आजही आढळते. शासकीय कागदाने ज्यांना गुन्हेगार ठरविले त्यांच्याच टाकीने घरोघरची जाती दळण्यास योग्य होत होती. सोवळ्या घरांत जाते उचलून ओसरीवर आणले जाई, टकारी आत येत नसे. कायदा आणि उंबरठा यांचे येथे एकमत होते.

कल्हईची कथा निराळी. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाचा लेप द्यावा लागतो. भांडे भात्याच्या विस्तवावर तापवायचे, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचे, की क्षणार्धात काळे भांडे रुप्यासारखे होते. धातूला आपण ‘कथील’ म्हणतो; तो शब्द संस्कृत ‘कस्तीर’ यापासून आलेला, आणि ग्रीक ‘कासितेरोस’शी त्याचे नाते आहे. लेपाला मात्र ‘कल्हई’ म्हणतो. तो अरबी ‘कलई’, म्हणजे पुन्हा कथीलच. एकाच धातूची दोन नावे दोन वाटांनी आली आणि मराठीने त्यांच्यात कामाची वाटणी करून दिली. अकबराच्या मुदपाकखान्यात बादशहाची तांब्याची भांडी महिन्यातून दोनदा कल्हई केली जात, अशी नोंद ‘आईने-अकबरी’त आहे. सामान्य घरी ही चैन कुठली? तेथे सणावारी, त्यातही दिवाळीपूर्वी, कल्हईवाल्याच्या भात्याभोवती मुलांची गर्दी जमे.

पुढे अल्युमिनियम आले, त्याला लोकांनी ‘जर्मन’ म्हटले. मग स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाल्याची हाक विरळ झाली.

वस्तू गेल्यावर शब्दांचे काय होते, हा भाषाभ्यासकाचा खरा प्रश्न. ह्या बाबतीत एक भेद स्पष्ट दिसतो. ज्या शब्दांना लक्ष्यार्थ लाभला ते टिकले. शेणाचा हात फिरवून जमिनीच्या भेगा बुजवणे ती ‘सारवासारव’. आज ती मंत्री व प्रवक्ते करतात. सारवण्याचे फडके ते पोतेरे. आज माणसाच्या आयुष्याचे पोतेरे होते. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान अशी रचलेली ‘उतरंड’ दिवाळीपूर्वी खाली उतरवून पुसली जाई; आज आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती केवळ जातींचीच ठाऊक आहे. मडक्यांची उतरंड निदान वर्षातून एकदा तरी उतरवली जात होती. याउलट चुलीच्या बाजूचे दुसरे तोंड तो ‘वैल’, आणि चुलीलगतचा भांडी ठेवण्याचा मातीचा उंचवटा ते ‘भाणवस’. ह्या शब्दांना लक्ष्यार्थाचा आसरा मिळाला नाही, आणि ते चुलीबरोबरच विझत आहेत. शिंके तेवढे बोक्याच्या कृपेने म्हणीत लटकत राहिले.

सर्वांत लांबचा प्रवास केला तो ‘ओटा’ ह्या शब्दाने. मोल्सवर्थच्या काळी ओटा म्हणजे प्रामुख्याने घरापुढचा चौथरा. तेथे पुरुषांनी बसावे, पाहुण्यांनी पाय धुऊन टेकावे. विसाव्या शतकात शहरी घरांतून घासलेटचा स्टोव्ह व नंतर गॅस आला, स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, आणि हा शब्द घराच्या दर्शनी भागातून थेट स्वयंपाकघरात शिरला. प्रारंभी त्यास ‘उभा ओटा’ असे विशेषण लावीत. बैठा प्रकार नाहीसा होताच विशेषणही गळाले. दक्षिण महाराष्ट्रात ह्यालाच ‘कट्टा’ म्हणतात. तो कन्नड ‘कट्टे’शी संबंधित असून त्याचाही मूळ अर्थ बाहेर बसण्याचा पारच. ओट्यावरील दगडाला आपण शहाबादी, कडप्पा अशी गावांची नावे दिली. सारवणाला असे गाव नव्हते, ती माती परसातलीच होती. आता दिवाळीपूर्वी ‘किचन करून घेणे’ म्हणजे ओट्याचा दगड व फडताळे बदलणे असा अर्थ रूढ झाला आहे.

उभ्या ओट्याने पाठीचा वाक व डोळ्यांतला धूर कमी केला, हा लाभ क्षुल्लक लेखणे केवळ बसून जेवणाऱ्यांनाच शक्य आहे. परंतु ओट्यापुढे एकीलाच उभे राहता येते. करंज्या आणि चिरोटे हे एकीचे काम नव्हे. एकीने लाटावे, दुसरीने सारण भरावे, तिसरीने कातणाने कडा काढाव्यात, चौथीने तळावे, अशी त्याची रचना आहे, आणि तिला लागते ती जमीन. म्हणूनच नव्या दगडाचा ओटा पुसून-पासून तसाच ठेवून, खाली वर्तमानपत्रे पसरून, पोळपाट मांडून, शेजारपाजारच्या बायका फरशीवर गोल बसलेल्या आजही अनेक घरांत दिसतात. तेथे ‘जरा सरकून बस’ हे वाक्य वारंवार ऐकू येते; ओट्यापाशी ते कोणी कोणाला म्हणत नाही.