देवास गेट ते नागपूर

उज्जैनच्या देवास गेट भागातील माधव महाविद्यालय हे नाव शिंदेशाहीची आठवण देते. २६ ऑगस्ट २००६ रोजी विद्यार्थी निवडणुकीच्या वादातील गोंधळानंतर तेथील राज्यशास्त्राचे प्रा. हरभजनसिंग सभरवाल यांचा मृत्यू झाला. आरोप अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या नेत्यांवर होता आणि राज्यात सरकार भाजपचे होते. साक्षीदार उलटू लागले, तेव्हा प्राध्यापकांचा मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. २००८ साली खटला नागपूरला हलवला गेला.

नागपूर आपल्या गोव्याप्रमाणेच मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतले. तेथे जुलै २००९ मध्ये पुराव्याअभावी सर्व आरोपी सुटले.

न्याय झाला, एवढे पुरत नाही; तो झालेला दिसलाही पाहिजे, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १९२३ साली मांडले गेले ते एका कारकुनामुळे. न्यायदंडाधिकाऱ्यांसोबत आत गेलेला हा कारकून आरोपीविरुद्धच्या दिवाणी दाव्यात काम करणाऱ्या वकील-संस्थेत भागीदार होता. तो काही बोलला नव्हता, तरी शिक्षा रद्द झाली.

मीही कारकूनच. फाईल दुसऱ्या कार्यालयात गेली, तरी आतले शेरे तेच राहतात, हे रोज पाहतो. नागपूरच्या न्यायाधीशांसमोर आला तो उज्जैनचाच तपास. न्यायाधीशाची निःपक्षता आपण तपासतो, ते योग्यच. पण पंचनामा लिहिणाऱ्या हाताची निःपक्षता कोण तपासणार? खटला हलवता येतो. पहिल्या दिवशी न नोंदलेला जबाब मात्र कुठूनही आणता येत नाही.