आवाजाचे माप



कापडाला गज असतो, दुधाला लिटर असते, कामगाराच्या दिवसाला आठ तास असतात. माणसाच्या आवाजालाही माप असते काय, आणि असल्यास ते कोणी ठरवले? संघटनेच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे आपणांस वाटेल. त्याला कारण एक जुना प्रसंग आहे. तो आधी सांगतो, इतिहास मागाहून.

तीसएक वर्षांमागची गोष्ट. आपल्या पनवेलच्या परिसरातील एका कारखान्यात बरेच कामगार कामावरून कमी केले गेले होते. बोलणी मुंबईस चालली होती आणि माणसे इकडे फाटकासमोर बसून होती. संध्याकाळी तडजोड झाली. आम्ही खाली धावलो, रस्त्यावरच्या पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये शिरलो आणि फाटकाजवळच्या चहावाल्याच्या दुकानात फोन लावला. “साठ जण परत घेतले,” आम्ही ओरडून सांगितले. पलीकडे रहदारी, गलका, तारेची खरखर. ऐकणाऱ्याने फाटकावर जाऊन सांगितले, “आठ जण घेतले.”

आम्ही रात्री परतलो तेव्हा संघटना दुभंगलेली होती. ते आठ कोण, कोणी कोणाची नावे विकली, हाच एक विषय चालू होता. ज्यांच्या ताटात आम्ही जेवलो होतो त्यांपैकी एकाने आमची गचांडी धरली. कराराचा कागद दिव्याखाली वाचून दाखवला तेव्हा लोक शांत झाले. परंतु एक जुना सहकारी पुढेही कित्येक वर्षे म्हणत राहिला की, आधी आठच ठरले होते, ओरडा झाला म्हणून साठ झाले. एका अक्षराने त्याचा आमच्यावरील विश्वास नेला तो नेलाच.

तो ‘स’ गेला कोठे? आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले आहे. तेथेच बसून, जाणत्यांना विचारून, जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो.

मुंबईस टेलिफोनचे केंद्र उघडले ते २८ जानेवारी १८८२ रोजी. कलकत्ता आणि मद्रास येथेही त्याच वेळी केंद्रे उघडली. धंदा खाजगी कंपनीचा होता; मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील टेलिफोन सरकारने आपल्याकडे घेतले ते १९४३ साली. आरंभी ग्राहक मोजके आणि अंतर गावातल्या गावात. पण दोन शहरे जोडायची म्हटल्यावर तांब्याचा भाव पुढे आला. तार महाग, म्हणून एकाच तारेवरून अनेकांची बोलणी एकाच वेळी न्यायची युक्ती निघाली. आणि अनेकांना जागा द्यायची तर प्रत्येकाची जागा आखडणे आले.

येथे मापाचा जन्म झाला. तरुण माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीस कंपनांपासून वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. टेलिफोनने त्यातला एक पट्टा ठेवला: सुमारे तीनशेपासून चौतीसशेपर्यंत. बाकीचे कापून टाकले. यामागे लबाडी नव्हती. बोलणे समजण्यापुरता आवाज न्यावा, शोभेपुरता नेऊ नये, असा हा हिशेब होता. स्वर या पट्ट्यात बव्हंशी येतात, त्यामुळे वाक्य कळते आणि माणूस ओळखू येतो. परंतु ‘स’ हा उच्चार म्हणजे दातांमागून सुटणारा वारा. त्याचे बळ मुख्यतः चार हजार कंपनांच्या वर असते. ‘श’ त्याहून खाली उतरतो, म्हणून तो तारेवर बराचसा वाचतो. ‘स’ मात्र कुंपणाबाहेर राहतो. ‘साठ’मधला ‘स’ फिका झाला, त्यात खरखर मिसळली, की ‘आठ’ उरतो.

कोणी म्हणेल, मग इतकी वर्षे लोक बोलत कसे आले? त्याचे उत्तर असे की, मनुष्य नुसत्या कानाने ऐकत नाही, संदर्भानेही ऐकतो. ‘सकाळी येतो’ यातला ‘स’ गळाला तरी ऐकणारा तो आपल्या पदरचा घालून घेतो. पण आकड्याला संदर्भ नसतो आणि परक्या माणसाच्या नावालाही नसतो. मजुरीचा दर, गाडीची वेळ, रुग्णालयात नेलेल्या माणसाचे आडनाव: जेथे चूक सर्वांत महाग पडते, तेथेच टेलिफोन दुबळा असतो.

हे दुबळेपण दीर्घकाळ एका वर्गाने आपल्या अंगावर झेलले, तो वर्ग म्हणजे टेलिफोन ऑपरेटर. वयस्क मंडळींना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. नाव नोंदवायचे, वाट पाहायची, आणि मग मधली बाई दोन्हीकडचे ऐकून आकडा पुन्हा म्हणून घ्यायची. शाळेत मास्तर ‘नळातला न, बाणातला ण’ म्हणत, तीच तऱ्हा येथे पोटापाण्याची झाली. खराब तारेवरचे अर्धे अक्षर ओळखणारा तो कान म्हणजे कसबी कामगाराचे हत्यारच होते. तथापि पगारपत्रकात त्या कसबाचे वेगळे नाव नव्हते. जुलै १९४६ मधल्या टपाल-तार खात्याच्या संपाचा आणि जुलै १९६० मधल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाचा इतिहास आपण वाचतो, तेव्हा पगाराच्या आकड्यांमागे असलेले हे न मोजलेले कसबही ध्यानात घ्यावे. १९६० सालीच कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय झाली, आणि मधला कान हळूहळू बाजूस होऊ लागला.

आता दुसरा अंक. १९३७ साली पॅरिसमधल्या एका प्रयोगशाळेत अलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याच्या मनात आले की, आवाजाची लाट तारेवरून जशीच्या तशी पाठवली की वाटेत खरखर चिकटते. त्यापेक्षा लाटेची उंची ठराविक वेळाने मोजून ते आकडेच पाठवावेत. आकडा मळत नाही. कल्पना बिनचूक होती, पण त्या वेळच्या काचेच्या व्हॉल्व्हांनी ती परवडण्याजोगी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२ साली, अमेरिकेत ती व्यवहारात आली. १९७२ साली आंतरराष्ट्रीय संस्थेने तिचा नियम बांधला: सेकंदाला आठ हजार वेळा मोजायचे आणि प्रत्येक माप आठ खुणांत लिहायचे. म्हणजे सेकंदाला चौसष्ट हजार खुणा. आवाजाचे आकडे करणाऱ्या व आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या यंत्राला कोडेक म्हणतात.

या नियमातली एक गोष्ट कामगाराला चटकन समजेल. मोजपट्टीच्या रेघा सारख्या अंतरावर ठेवलेल्या नाहीत. हळू आवाजासाठी रेघा जवळजवळ, मोठ्या आवाजासाठी दूरदूर. महागाई भत्त्याच्या भांडणात आम्ही हेच मांडत आलो: थोड्या पगारात एक रुपयाचा फरक पोटाला कळतो, मोठ्या पगारात तो खिशालाही कळत नाही. अशा पट्ट्या जगात दोन झाल्या. अमेरिका व जपान यांनी एक घेतली; युरोपने दुसरी घेतली आणि भारतानेही तीच घेतली.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या तंत्रज्ञाच्या टेबलावर आम्ही ही परीक्षा प्रत्यक्ष पाहिली. तळहाताएवढे हिरवे बोर्ड, त्यावर नखाएवढे कोडेक, आणि चार तारांनी जोडलेला साधा टेलिफोनचा हँडसेट: दोन तारा बोलण्याच्या, दोन ऐकण्याच्या. बोर्डाला दोन ठोके लागतात. एक सेकंदाला आठ हजारांचा, माप कधी घ्यायचे ते सांगणारा. दुसरा वीस लाख अठ्ठेचाळीस हजारांचा. हा आकडा विचित्र वाटतो, पण चौसष्ट हजारांना बत्तीसने गुणा, तो मिळतो. एका जोडीवर बत्तीस खण. त्यांतले तीस बोलण्याचे आणि दोन व्यवस्थेचे.

तंत्रज्ञाने बाहेर जाणारे आकडे तसेच आत वळवले आणि हँडसेट आमच्या हाती दिला. आपलाच आवाज आकडे होऊन परत आलेला ऐकू आला. मग त्याने तीन दोष मुद्दाम करून दाखवले. माइकला लागणारा बारीकसा दाब काढला. सगळे मुके झाले. एका बाजूस युरोपची पट्टी व दुसऱ्या बाजूस अमेरिकेची लावली. शब्द कळत होते, पण आवाज फाटलेला, चिरका. शेवटी, बोलताना आपला आपल्याला हँडसेटमधून जो किंचित आवाज येतो तो बंद केला, आणि आम्ही नकळत ओरडू लागलो. तो फार वाढवला तेव्हा कुजबुजू लागलो. माणूस किती मोठ्याने बोलतो हे निम्मे यंत्र ठरवते, हे आम्हांस त्या दिवशी कळले. आम्ही मग ‘साठ, आठ, सात’ असे म्हणून पाहिले. शांत खोलीत तिन्ही वेगळे ऐकू आले. त्याने खिडकी उघडली, रस्त्याचा आवाज आत आला, आणि ‘साठ’ डळमळू लागला.

अशा यंत्राला गुण कोण देतो? मीटर पुष्कळ गोष्टी सांगते, पण बोलणे कसे वाटले ते सांगत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय रीत अशी ठरली की, सामान्य माणसे बसवावीत, वाक्ये ऐकवावीत, आणि त्यांनी एक ते पाच असे गुण द्यावेत. त्यांची सरासरी हा यंत्राचा निकाल. त्यातली एक अट आम्हांस फार मोलाची वाटते: ऐकणारा माणूस टेलिफोनच्या गुणवत्तेच्या कामाशी संबंधित नसावा. ज्याने वस्तू घडवली त्याने तिचा न्याय करू नये. लवादाचे हेच तत्त्व आपण औद्योगिक तंट्यात मागतो. ते अभियंत्यांनी आपण होऊन मान्य केले.

तिसरा अंक मोबाईलचा. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीस सुखराम यांच्याशी मोबाईलवर संभाषण केले, आणि देशात नवे युग सुरू झाले. हवेतली जागा तारेहूनही महाग. चौसष्ट हजार खुणांचे तेरा हजारांवर आणले गेले, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. हे कसे साधले? यामागच्या विद्येत कानपूरला १९३३ साली जन्मलेल्या बिष्णू अटल यांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी, आणि त्याच सुमारास जपानी संशोधकांनी, असा मार्ग काढला की आवाज पाठवण्याऐवजी घसा, जीभ आणि ओठ त्या क्षणी कसे आहेत याचे वर्णन पाठवावे. १९८५ साली अटल व श्रेडर यांनी तो मार्ग आणखी पुढे नेला. पुरणपोळी पाठवण्याऐवजी तिची कृती पाठवावी आणि पलीकडच्याने आपल्या चुलीवर ती करून घ्यावी, तसे हे आहे. पोळी होते, पण कृतीत जे लिहायचे राहिले ते तिच्यात उतरत नाही.

म्हणूनच येथे भाषेचा प्रश्न येतो. आपल्याकडे ‘ख’ आणि ‘क’ यांत केवळ एका श्वासाचा फरक आहे. ‘ळ’ आणि ‘ल’ बदलला की ‘काळ’चा ‘काल’ होतो. यंत्राची परीक्षा ज्या वाक्यांनी घ्यायची त्यांत हे उच्चार नसतील, तर यंत्र उत्तीर्ण होईल आणि बोलणारा नापास. या दृष्टीने आपल्याकडे झालेले एक काम नमूद केले पाहिजे. शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व पवईच्या आयआयटीतील संशोधकांनी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज मोबाईलवरून नोंदवून घेतले. पिकांची नावे, गावांकडची नावे, मागे बैलांचा आणि बाजाराचा गलका, सगळ्यासकट. ऑपरेटरच्या कानाला जे कसब होते ते यंत्राला शिकवायचे, तर गुरू असा गावोगावचाच हवा.

आणि माप पुढे वाढलेही. सात हजार कंपनांपर्यंतचा रुंद पट्टा नेण्याचा पहिला नियम १९८८ साली झाला, मोबाईलसाठीचा २००१ च्या सुमारास; आणि २०१६ पासून आपल्या देशात नव्या जाळ्यांबरोबर तो सर्वसामान्यांच्या हातात येऊ लागला. दोन्हीकडे तशी सोय असली की ‘स’ आता बराचसा पोहोचतो. सोय एकीकडेच असली, तर पट्टा पुन्हा जुना, अरुंद होतो. करार दोन्ही पक्षांनी पाळला तरच तो करार, हा नियम येथेही सुटलेला नाही.

तात्पर्य एवढेच की, चौतीसशेची ती रेघ निसर्गाने आखलेली नव्हती. तांब्याचा भाव आणि माणसाची गरज यांच्यात झालेली ती एक तडजोड होती. आणि परिस्थिती बदलली तेव्हा ती पुन्हा मांडता आली. ज्या तडजोडी आपण निसर्गनियम समजून सोसत राहतो, त्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आमचा तो जुना सहकारी आता नाही. शेवटी शेवटी त्याला ऐकू कमी येई. त्याच्याशी फोनवर बोलताना आम्ही आकडा कधी एकदाच सांगत नसू. “साठ, सहावर शून्य,” असे म्हणत असू, आणि त्याने तो उलट म्हणून दाखवीपर्यंत फोन खाली ठेवीत नसू. एवढे पथ्य त्या संध्याकाळी पाळले असते, तर बरे झाले असते.