मागच्या शिवणीतली माया

सुटाची रेडीमेड पँट उलटी करून मागची मधली शिवण पाहावी. पायांच्या शिवणींना आत अर्धा-पाऊण इंच कापड असतं, म्हणजे शिवण टिकायला लागतं तेवढंच. मागची शिवण मात्र आसनापाशी तशीच अरुंद सुरू होते आणि कंबरपट्टीकडे चढता चढता रुंद होत जाते. वर पोचेपर्यंत चांगल्या पँटीत दोन्ही अंगांना सव्वा-दीड इंच माया सापडते. मोहरी तर कित्येकदा शिवलेलीच नसते. कडेला नुसतं इंटरलॉक मारून सोडून दिलेली असते. लाखांनी पँटी कापणाऱ्या धंद्यात चिंधीचाही हिशेब होतो. तिथे ही उदारता कुठून आली, हे पाहत मागे गेलं की दोन घराणी लागतात. एक गिऱ्हाइकाच्या अंगावर कापड बेतणाऱ्या शिंप्याचं आणि दुसरं बंदरावरच्या स्वस्त, ढगळ कपड्यांचं.

अठराव्या शतकातल्या युरोपी शिंप्याकडे इंची टेप नव्हती. दर गिऱ्हाइकामागे तो कागदाची किंवा चर्मपत्राची एक लांब पट्टी ठेवी आणि तिला खाचा पाडी : इथे छाती, इथे कंबर, इथे गुडघा. त्या पट्टीवरून तिच्या धन्याचे कपडे बेतशीर निघत, पण शेजारच्या माणसाच्या अंगाबद्दल ती काहीच सांगू शकत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेप रुळली आणि अंगाला आकडे आले. आकड्यांची तुलना होते, सरासरी निघते, तक्ता मांडता येतो. ‘चौतीस कंबर’ ही भाषा इथून पुढची.

आकडे आले तरी शिंप्याने आपला जुना सावधपणा सोडला नाही. वूलन महाग, गिऱ्हाईक खाऊनपिऊन सुखी, आणि पोट दर दिवाळीला नाही तरी दर नाताळला पुढे येणारं. म्हणून मागच्या शिवणीत माया ठेवायची आणि ती शिवण सगळ्यात शेवटी घालायची. डाव्या पायाला कंबरपट्टीचा डावा अर्धा भाग, उजव्याला उजवा, असे दोन भाग वेगवेगळे पुरे करायचे. मग चेनच्या (तेव्हा बटणांच्या) खालून आसनावरून थेट कंबरपट्टीच्या टोकापर्यंत एकाच शिवणीने ते जोडायचे. कंबर घ्यायची किंवा सोडायची झाली, तर तेवढी एक शिवण उसवली की भागतं. मधला लूप काढावा लागतो, पण खिशांना, पुढच्या पल्ल्यांना हात लागत नाही. शिवणकामात मशीनइतकंच मोल मी या क्रमाला देईन. पण मशीनला पेटंट मिळालं, हा क्रम कोणाच्याच नावावर नाही.

आता दुसरं घराणं. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडच्या बंदरांवर खलाशांसाठी तयार कपडे विकणारी दुकानं होती. कित्येक महिने समुद्रावर जाणारा माणूस मापं देऊन आठवडाभर थांबू शकत नाही. त्यामुळे कपडे ढगळ, जाड, कोणालाही होतील असे. गंमत म्हणजे पायघोळ पँट हाही तेव्हा खलाशांचा आणि कष्टकऱ्यांचाच पोशाख होता. सभ्य गृहस्थ गुडघ्यापर्यंतची तंग विजार आणि खाली मोजे घालत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ब्यू ब्रमेलसारख्या छेलांनी लांब पँट वरच्या वर्गात रुजवली. म्हणजे पँट आणि रेडीमेड या दोन्ही गोष्टी बंदरावरून वर आल्या. पँटला मान लवकर मिळाला, रेडीमेडला फार उशिरा.

तो मिळवून देण्यात मशीनचा वाटा मोठा आणि सैन्याचाही. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए याने 1830 साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये लष्करी गणवेश शिवायला घेतले. 1831 मध्ये पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांनी ती यंत्रं फोडली. अमेरिकेत 1846 ला इलायस हाऊ, 1851 ला आयझॅक सिंगर. न्यूयॉर्कची ब्रुक्स ब्रदर्स ही पेढी 1849 पासून आपण रेडीमेड सूट विकतो, असं सांगते. पुढे 1861 ते 65 च्या यादवी युद्धात गणवेशांची प्रचंड मागणी आली. सैनिकांची मापं ठरावीक साच्यांत येतात, अमुक छातीच्या माणसाची कंबर बहुधा तमुक असते, हे तेव्हा कारखानदारांना उमगलं, असं सांगितलं जातं.

त्या ‘बहुधा’तच आपल्या पँटीचं दुखणं आहे. सूट निवडला जातो छातीवर. कोट चाळीसचा घेतला, की त्याच्यासोबत ओघाने चौतीस कंबरेची पँट येते. अमेरिकी तक्त्यात हा फरक सहा इंचांचा, आणि धंद्यात त्याला ‘ड्रॉप सिक्स’ म्हणतात. इटलीतही ड्रॉप सहा आहे, पण तिथे तो अर्ध्या मापातला फरक असतो, सेंटिमीटरमध्ये. म्हणजे पन्नास नंबरच्या कोटाखाली 88 सेंटिमीटरची कंबर. हा फरक झाला बारा सेंटिमीटरचा, तर अमेरिकी सहा इंच म्हणजे पंधरा. आकडा तोच, माणूस वेगळा! व्यायाम करणाऱ्याला दोन्ही सैल, आणि पन्नाशीच्या बैठ्या माणसाला दोन्ही घट्ट. कोट दुकानात अंगावर चढवून पसंत केला जातो. तक्त्याच्या चुकीचा भुर्दंड पँटच्या वाट्याला येतो. म्हणून कारखान्याने शिंप्याची ती शेवटची शिवण जशीच्या तशी उचलली. उरलेलं काम दुकानातल्या मास्तरांनी करायचं, हे त्यात गृहीतच होतं.

गॅलिस असेपर्यंत याची निकड कमी होती. पँट खांद्यांवरून लोंबते, कंबर बोटभर सैल असली तर उलट बरंच, आणि मागे एक बक्कलपट्टी असे. पहिल्या महायुद्धानंतर पट्टा आला, पँट कंबरेवर टेकली आणि एकेका इंचाला किंमत आली. माझ्या मते ऑल्टरेशनचा धंदा खऱ्या अर्थाने पट्ट्याने उभा केला.

मास्तरांच्या हातात सगळंच नसतं. कंबर दोन इंचांपलीकडे घेतली, की मागचे खिसे एकमेकांना खेटतात. सोडता येते ती आत जेवढी माया असेल तेवढीच, आणि जुन्या शिवणीची भोकं दिसतील ती वेगळी. पाय निमुळता करायचा तर आतल्या आणि बाहेरच्या शिवणीतून सारखंच घ्यावं लागतं. फक्त आतून घेतलं की क्रीज वळते आणि पाय पिळल्यासारखा दिसतो. पुढून मागून आसनाची उंची कमी पडत असेल, तर मात्र हात टेकावेत, कारण तिथे घालायला कापडच नसतं. ट्रायल रूममध्ये आधी उभं नव्हे, बसून पाहावं ते यासाठी.

मोहरीचीही एक कथा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कापडाचं रेशन होतं आणि 1942 च्या काटकसरीच्या नियमांनी पुरुषांच्या पँटींच्या मोहरीला बाहेरून दुमड घालायची बंदी केली. लोकांनी पळवाट काढली : आपल्या उंचीपेक्षा लांब पँट घ्यायची आणि दुमड घरी घालायची. वाचवायचं ते कापड वाचलंच नाही. ब्रिटिश पुरुष या बंदीवर फार चिडले होते, आणि 1944 मध्ये ती उठली.

आपल्याकडे हे सगळं अनोळखी वाटायचं कारण नाही. शाळेची पँट ‘वाढत्या अंगाची’ शिवा, असं आई शिंप्याला बजावायची, तेव्हा मोहरीत तीन-चार बोटं कापड आत दुमडलेलं असे आणि दर जूनला एकेक पट्टी खाली यायची. जुन्या घडीची रेघ मात्र इस्त्रीलाही दाद देत नसे. फरक एवढाच, की पोराची वाढ उंचीत धरली जाते आणि बापाची घेरात.

जीन्सने हा वारसा घेतला नाही. तिची मागची शिवण एकात एक अडकवून दुहेरी टीप मारलेली, कंबरपट्टी अखंड, नंतर वरून बसवलेली. बायकांच्या रेडीमेड पँटींतही माया सहसा नसते. पुरुषाचं पोट सुटणार हे धंद्याने दीडशे वर्षं समजुतीने घेतलं आणि बाईचं अंग बदललं, तर तिने नवी पँट घ्यावी, असं ठरवून टाकलं. यामागे शिवणकामाचं कोणतंही कारण मला दिसत नाही.

आता ती वेळ पुरुषांवरही येते आहे. 1958 मध्ये ड्यू पाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला इलॅस्टेन धागा आज सुटाच्या कापडातही दोन-चार टक्के मिसळतात. कापडच ताणलं जात असेल, तर मागे दीड इंच ठेवायचं कशाला, असा साधा हिशेब. स्वस्त सुटांच्या पँटीत मागची शिवणही आता पायाच्या शिवणीएवढीच अरुंद, इंटरलॉकने कापून घेतलेली सापडते. ऑल्टरेशनवाले मास्तर अशी पँट उलटी करून एकदा पाहतात आणि परत देतात : “साहेब, घेऊन देतो हवी तर. सोडायला आत काही ठेवलेलं नाही.”