फूटपाथचं गाणं आणि बल्लारशाचा फलाट

परवा रात्री बल्लारशा स्टेशनवर होतो. काजीपेठकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत पंचवीस-तीस माणसं फलाटावर पडली होती. उशाशी तांदळाची चुंगडी, गंज, गुंडाळलेली ताडपत्री. मूल-सावलीकडची माणसं. धान निघालं, गावात काम उरलं नाही, की आपले लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात, तीच ही. आणि चहावाल्याच्या मोबाईलवर मुकेश! गाणं 'फिर सुबह होगी'मधलं, १९५८ चं.

साहिरने हे गाणं म्हणजे इक्बालची टिंगलच केली होती. इक्बालने सारं जग आपलं म्हटलं. साहिर म्हणतो, हो ना, आपलंच, फक्त राहायला जागा तेवढी नाही. इमारती शेठांनी वाटून घेतल्या, आपल्या वाट्याला मुंबईचे फूटपाथ आले. संगीत खय्यामचं, पडद्यावर राज कपूर. बेघरपणावर भाषण न देता लोकांच्या तोंडी बसलेलं असं दुसरं गाणं मला तरी आठवत नाही.

लोकांनी गाणं गुणगुणलं, फूटपाथ तिथंच राहिले. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की फूटपाथवरच्यांना उठवून मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवायचं. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत ओल्गा टेलिस होत्या. पत्रकार! (आम्ही तालुका पातळीवरचे पत्रकार फार तर निवेदनाची बातमी छापतो.) १० जुलै १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, माणूस फूटपाथवर येतो तो कामाजवळ राहायला. तत्त्व मोठं. पण फूटपाथवर राहण्याचा हक्क काही मिळाला नाही. नोटीस द्या आणि पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरनंतर काढा, एवढंच पदरात पडलं.

आता आपल्याकडचं. फलाटावरच्या एका काकांना विचारलं, घर आहे ना? "आहे ना जी, कुलूप लावून आलो." म्हणजे हे बेघर नाहीत. पण मिरचीचा हंगाम संपेपर्यंत शेताच्या धुऱ्यावर ताडपत्रीखाली लेकराबाळांसह झोपणार, तेव्हा हे कोण?

२०११ च्या जनगणनेत बेघर मोजले गेले ते २८ फेब्रुवारीच्या रात्री. देशात सुमारे १७.७ लाख निघाले. नियम असा होता की ९ ते २८ फेब्रुवारी हा पूर्ण काळ जो घरी नसेल त्याला घरी मोजायचं नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचं. आणि फेब्रुवारी म्हणजे मिरचीचा भर हंगाम! काकांना विचारलं, तेव्हा शेतावर कोणी मोजायला आलं होतं का?

"शेतावर कोन येते जी?"

२०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख पुन्हा १ मार्चच आहे. सरपंच, ग्रामसेवक, हे वाचणाऱ्या शिक्षक मित्रांनो, गावातून कोण कुठल्या जिल्ह्यात मिरचीला गेलं याची यादी जानेवारीतच ग्रामपंचायतीत करून तहसीलदारांकडे देता येईल. वहीची दोन पानं लागतील.

गाडी आली तेव्हा गाणं कधीच संपलं होतं. काकांनी आधी ताडपत्री चढवली, मग नातीला.