हिंगणघाट, डाकोटा आणि प्रमाणाचे गणित

हिंगणघाटचे नाव कापसामुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी याच गावी वारला आणि त्याची कबरही येथेच आहे, ही नोंद तितकीच मोलाची आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने जे काम आरंभले, त्याचे फलित म्हणजे नकाशा; आणि नकाशा म्हणजे प्रत्यक्षातील सर्व अंतरे एकाच गुणोत्तराने, म्हणजेच ठरावीक प्रमाणात, लहान करून मांडणे. चार मैलांना एक इंच या प्रमाणाच्या नकाशावर नागपूर हिंगणघाटपासून सुमारे अकरा इंचांवर येते.

किटमधून विमानाची प्रतिकृती जोडण्याचा छंद याच गणितावर उभा आहे. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीने १९३६ मध्ये 'पेंग्विन' मालिकेसाठी स्वीकारलेल्या १:७२ या प्रमाणात प्रत्यक्षातील सहा फूट एका इंचात मावतात. त्यामुळे एअरफिक्स कंपनीने १९६० मध्ये बाजारात आणलेल्या डाकोटा विमानाच्या किटमध्ये ९५ फुटांचा पंखविस्तार सोळा इंचांच्या आत बसतो.

विदर्भाच्या दृष्टीने डाकोटा हे केवळ युद्धातील मालवाहू विमान नव्हे. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका चोख उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

अशा डाकोटाचे जुने किट जोडणे हे संयमाचे काम आहे. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, तिच्यापासून ते पिळून न तोडता कापून, घासून घ्यावे लागतात. प्लास्टिकसाठीचा खास गोंद कडा विरघळवून त्या एकजीव करतो, त्यामुळे झालेली चूक सहसा सुटत नाही. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, काळाने पिवळी पडतात. ती काही दिवस खिडकीच्या काचेवर उन्हात लावून उजळवतात आणि पाण्यात तुकडे होऊ नयेत म्हणून त्यांवर आधी पारदर्शक व्हार्निशचा हात देतात.

परंतु परदेशी खोक्यातून येणारी चिन्हे नागपूरच्या टपालविमानाची नसतात, आणि ती तशीच चिकटवली तर प्रतिकृती मापाने अचूक राहूनही इतिहासाला अपुरी पडते. म्हणून हिंगणघाट परिसरात कुणी डाकोटा जोडायला घेतला, तर पंखांवर भारतीय नागरी विमानांची 'व्हीटी' ही अक्षरे स्वतः रेखाटावीत आणि काचेच्या पेटीतील पाटीवर ३० जानेवारी १९४९ ही तारीख अवश्य लिहावी.