घरी पाठवले ते पिशवीने

ऑपरेशननंतर लघवीची नळी तशीच ठेवून रुग्णाला घरी सोडणे आता इतके सवयीचे झाले आहे, की या प्रथेलाही इतिहास असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. प्रॉस्टेटच्या कर्करोगासाठी अख्खी ग्रंथी काढलेला माणूस काही दिवसांत घरी येतो आणि पुढचा आठवडा-दहा दिवस नळी नि पिशवी सांभाळत घरात हिंडतो-फिरतो. याचे श्रेय बहुधा फ्रेडरिक फोली या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या पदरात टाकले जाते. मूत्राशयात गेल्यावर टोकाशी पाण्याचा फुगा फुगवून जागच्या जागी राहणारी नळी त्याच्याच नावाने ओळखली जाते. हे श्रेय अर्धेच खरे आहे. फुग्यामुळे नळी शरीरात टिकली हे मान्य. पण नळी लावलेला माणूस घरी टिकला तो तिच्या दुसऱ्या टोकाला अडकवलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे. हा दावा पारखायचा तर थोडे मागे जायला हवे.

नळी फार जुनी आहे आणि तिचा संसार सुरुवातीपासून घरातलाच आहे. सुश्रुतसंहितेत आकुंचित झालेली वाट मोकळी करण्यासाठी लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी तूप लावून आत सारावी आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घ्यावी, असे सांगितले आहे. पॉम्पेईच्या उत्खननात काशाच्या नळ्या सापडल्या. 1752 च्या डिसेंबरात बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियाहून बोस्टनला, मुतखड्याने हैराण झालेल्या आपल्या भावाला, एका सोनाराकडून करवून घेतलेली चांदीची नळी पाठवली. चांदीची तार गुंडाळून केल्यामुळे ती वळणावर वाकत असे, आणि फारच लवचीक वाटली तर आत सरकवायला वेगळी तारही सोबत होती. ती कशी वापरायची याच्या सूचना पत्रात होत्या. नळी टपालाने येते आणि घरच्या घरी वापरली जाते, इतकी ती घरगुती होती. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर पक्के करण्याची युक्ती सापडली आणि 1860 च्या सुमारास पॅरिसच्या ऑग्यूस्त नेलातोंने मऊ रबरी नळी रूढ केली. मग तर प्रॉस्टेट वाढलेले युरोप-अमेरिकेतले म्हातारे आपली नळी टोपीत किंवा पोकळ काठीत बाळगून, दिवसातून अनेकदा स्वतःच वापरू लागले.

तेव्हा घरी नळी वापरणे ही काही विसाव्या शतकाची देणगी नव्हे. प्रश्न होता तो त्या वापराच्या परिणामाचा. लंडनच्या अँड्र्यू क्लार्क या डॉक्टरांनी 1883 मध्ये ‘कॅथेटर-तापा’ची चर्चा केली. नियमित नळी वापरू लागलेल्या आणि तोवर बऱ्यापैकी धडधाकट असलेल्या पुरुषांना काही दिवसांत ताप चढे आणि त्यातले काही दगावत, हे त्यांचे निरीक्षण होते. या कटकटीतून सुटकेचा एक मार्ग म्हणजे नळीची गरजच संपवणे. उत्तर हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये मुतखडे फोडण्यात वीसेक वर्षे घालवलेल्या पीटर फ्रायर यांनी लंडनला परतल्यावर 1901 मध्ये पोटाच्या वाटेने प्रॉस्टेट काढण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. म्हातारा नळीतून सुटला खरा, पण त्यासाठी आधी पोटातून बाहेर काढलेली जाड रबरी नळी आणि लघवीने भिजणाऱ्या पट्ट्या घेऊन त्याला कित्येक दिवस अंथरुणाला खिळावे लागे. अशा रुग्णाला घरी पाठवण्याचा विचार कोण करणार?

नळी आत टिकवण्याचा प्रश्न फोलीच्या आधीच बराचसा सुटलेला होता, हे सहसा सांगितले जात नाही. 1890 च्या आसपास फ्रान्समध्ये द पेझेरची टोकाला छत्रीसारखी फुगीर आणि मालेकोची पाकळ्यांची, अशा आपोआप अडकून बसणाऱ्या नळ्या निघाल्या होत्या. फोलीने 1929 मध्ये फुग्याची कल्पना मांडली तीही प्रॉस्टेटच्या ऑपरेशननंतरचा रक्तस्राव दाबून थांबवण्यासाठी. सलग निचऱ्यासाठी फुग्याची नळी त्याने 1935 मध्ये अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांपुढे ठेवली. पुढे पेटंटच्या लढाईत तो पॉल रेश या प्रतिस्पर्धी दावेदाराकडून हरला आणि हक्क दुसऱ्याच कंपनीकडे गेले, नाव मात्र त्याचेच राहिले. ही नळी उत्तमच होती, पण तिचे बाहेरचे टोक कुठे जात होते? खाटेखाली ठेवलेल्या उघड्या बाटलीत. त्या बाटलीतली लघवी तासन्‌तास तशीच राही, तिच्यात जंतू वाढत आणि नळीच्या पोकळीतून वर चढत मूत्राशय गाठत. उघड्या निचऱ्यात चौथ्या दिवसापर्यंत जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडत. फुग्याने नळी दिवसच्या दिवस आत ठेवण्याची सोय केली आणि जंतूंनाही तितकीच सवड दिली.

उपाय कुठे आहे हे लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी 1928 मध्येच हेरले होते. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर होणाऱ्या मूत्रसंसर्गाचा अभ्यास करून त्यांनी निचऱ्याची वाट हवाबंद ठेवण्याचा मार्ग सुचवला. पण काचेच्या बरण्या, रबरी बुचे आणि नळ्यांचे ते बिऱ्हाड वॉर्डात सांभाळणेच जिकिरीचे होते, घरी नेण्याची गोष्टच दूर. तीस वर्षे लोटली. 1958 मध्ये पॉल बीसन या डॉक्टरांनी कॅथेटरविरुद्ध खटलाच भरणारा संपादकीय लेख लिहिला आणि विनाकारण नळी घालू नका, असे डॉक्टरांना बजावले. मग स्वस्त, वापरून टाकून देता येणारी प्लॅस्टिकची पिशवी हाताशी आली. 1966 मध्ये कुनिन आणि मॅकॉर्मॅक या संशोधकांनी निर्जंतुक बंद निचऱ्याने संसर्ग टळतो किंवा निदान बराच लांबतो, हे मोठ्या संख्येने रुग्ण तपासून दाखवले. आजची दोन लिटरची पिशवी हाती घेऊन पाहा: वरच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी पातळ पापडी, म्हणजे आत गेलेली लघवी मागे फिरत नाही, तळाशी तोटी, म्हणजे पिशवी रिकामी करायला नळीचा जोड सोडावा लागत नाही, कडेला मापाच्या रेघा आणि वर टांगायचा आकडा. प्रशिक्षित नर्सच्या हातात असलेली शिस्त या पिशवीच्या घडणीतच उतरली. म्हणून ती घरच्या माणसांच्या हाती देता आली.

यावर पहिला आक्षेप असा, की खरे काम प्रतिजैविकांनी केले. मात्र सनावळ्या तसे सांगत नाहीत. सल्फा औषधे 1930 च्या दशकात आली आणि पेनिसिलिन 1940 च्या दशकात. बीसन यांनी तक्रार केली ती त्यानंतर, औषधांच्या सुकाळात. नळी आत असेपर्यंत रोज प्रतिजैविके घेऊन जंतू कायमचे हटत नाहीत. औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुर्बिणीने प्रॉस्टेट खरवडणे, लहान छेदातून ऑपरेशन करणे अशा सुधारणांमुळे रुग्ण लवकर उठून बसू लागला आणि खाटेचा खर्चही परवडेना, म्हणून त्याला घरी पाठवले जाऊ लागले. हे खरेच आहे. पण त्यातून रुग्णालयाला रुग्ण लवकर का सोडावासा वाटला, एवढेच कळते. सोडल्यावर तो सुरक्षित का राहिला, हे त्यातून कळत नाही. तिसरा आक्षेप मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांच्या कामाचा. मूत्राशयाचे काम बिघडलेले लोक निर्जंतुक नव्हे तर नुसत्या स्वच्छ हातांनी दिवसातून अनेकदा नळी घालून काढू शकतात आणि त्यांचे बरे चालते, हे त्यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी दाखवले. मग बंद वाटेचे एवढे स्तोम कशाला? कारण तिथे नळी काम होताच बाहेर येते आणि मूत्राशय दर वेळी पुरता रिकामा होतो. मुक्कामाला आलेल्या नळीचे गणित निराळे असते. तिच्या अंगावर जंतूंचा थर जमायला थोडे दिवस पुरतात.

पिशवीचीही मर्यादा आहे. ती जंतूंची आतली वाट अडवते, नळीच्या बाहेरच्या अंगाने सरकणारे जंतू तिला अडवता येत नाहीत. बंद निचऱ्यातही रोज शंभरातल्या तीन ते सात जणांच्या लघवीत नव्याने जंतू सापडतात आणि महिनाभर नळी राहिली तर जवळपास सगळ्यांच्याच. पिशवी मुदत मिळवून देते, ऑपरेशननंतरचा आठवडा-दहा दिवस निभावण्यापुरती. ही मुदत आपल्या घरांत मात्र क्षुल्लक कारणांनी वाया जाते. जमिनीवर अंथरूण घातले की पिशवी मूत्राशयाच्या खाली राहूच शकत नाही. रिक्षात बसताना ती उचलून मांडीवर किंवा खांद्याशी धरली जाते. रात्री मोठी पिशवी लावायची म्हणून नळीचा जोडच सोडला जातो. रिकामी करताना तोटी भांड्याला टेकते. म्हणून रुग्णाला खाटेवर झोपवावे, पिशवी कमरेखाली पण जमिनीला न टेकता टांगावी, हात धुऊनच तोटी उघडावी, रात्रीची पिशवी दिवसा पायाला बांधलेल्या लहान पिशवीच्या तोटीला जोडावी आणि नळीचा मूळ जोड घरी कुणीही सोडू नये. थंडी-ताप आला किंवा लघवी थांबली तर वाट न बघता डॉक्टर गाठावा. आणि घरी सोडतानाच, नळी काढायची तारीख कागदावर लिहून मागावी.