रजिस्टरातलं आडनाव

महाडची शेवटची एस.टी. चुकली, म्हणून पनवेल स्टँडजवळच्या एका स्वस्त लॉजात रात्र काढली. गादीत ढेकूण, नळाला पाणी नाही. त्याचं काही नाही, याहून वाईट जागी झोपलोय आपण. पण मॅनेजरनं रजिस्टर पुढं सरकवलं आणि आडनावापाशी माझं पेन थांबलं. नाव आणि बापाचं नाव लिहून मोकळा झालो. त्यानं जात विचारलीही नव्हती, गड्यांनो!

रात्रभर बडोदा आठवत राहिलं. 1917. कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर झाले, तर त्याच शहरात त्यांना खोली मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहिले. जेवणखाणासह रोजचा दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीनं भरलेला हॉल, वीज नाही, एक कंदील. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात. बाबासाहेबांनी आठवड्याची मुदत मागितली. संध्याकाळी इथं दिसायचं नाही, म्हणाले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घेतलं नाही. कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये.

त्यांना दुसरं छप्परच नव्हतं. मला होतं. 1955 च्या कायद्यानं हॉटेल-धर्मशाळेत अस्पृश्य म्हणून अडवणं गुन्हा ठरलं. पण मला कुणी अडवलंच नव्हतं, मग तक्रार कुणावर करू?

पहाटे मॅनेजर घोरत होता. रजिस्टर उघडलं, बापाच्या नावापुढं आडनाव लिहिलं आणि स्टँडवर आलो.